ऐरणीवरचं परदेशी रीळ

घण्या आधी मारायचा आणि मग कारण शोधायचा. कारण सापडलं नाही तर आणखी एक ठेवून द्यायचा, म्हणजे समोरचा काहीतरी बोलायचा आणि कारण मिळायचं.

रागीट माणसांचा राग नाकावर असतो असं म्हणतात. घण्याचा थेट मनगटात होता. मासेमारीच्या काठीला लावतात ती दोरी गुंडाळायची रिळं बनवणाऱ्या कारखान्यात तो प्रेसवर होता. दिवसभर पत्र्यातून चकत्या ठोकून काढायचा, आणि सुटी झाली तरी हात ठोकायचे थांबत नसत. आधीच्या मुकादमाचा जबडा, शेजाऱ्याचं दार, घरातल्या खुर्च्या आणि एकदा एक अख्खा हातपंप, एवढं त्याच्या नावावर जमा होतं. हातपंपानं काय आगळीक केली होती ते आजवर कोणाला कळलेलं नाही.

त्याचं नाव पडलं ते मात्र फाटकासमोरच्या ऐरणीवरून. कारखाना पूर्वी लोहाराची भट्टी होता, तेव्हाची ती ऐरण. पुढे बाजारात परदेशी रिळं आली, हलकी, चकचकीत, आणि कारखान्याची एक पाळी बंद झाली. तेव्हा कामगारांनी ठरवलं, आपल्या वस्तीत परदेशी रीळ दिसता कामा नये. दिसलं की ऐरणीवर. नियम एवढाच असता तर लोक विसरून गेले असते. पण ज्याचं रीळ त्यानंच ते ऐरणीवर धरायचं, आणि तेही चिमट्यानं नाही, हातानं. रीळ काठीवर बसवायला त्याला खाली एक चपटा पाय असतो. तो पाय दोन बोटांत धरायचा आणि वरून घण पडायचा. हात हलला तर बोटं गेली.

घण घालायचा तो घण्यानंच. आणि त्याचा घण एकदाही चुकला नव्हता, याचा त्याला जेवढा अभिमान होता तेवढा दुसऱ्या कशाचाच नव्हता. रीळ धरणारी माणसं घरी जाऊन ओकायची, पण शाबूत बोटांनी ओकायची.

घरात तिघं होती. घण्या, त्याची बायको आणि त्याचा धाकटा भाऊ बारक्या. आई बारक्या रांगत असतानाच गेली. बाप घरात होता तोवर दोघांना पट्ट्यानं मारायचा, आणि एके दिवशी पट्टा कमरेला बांधून जो घराबाहेर पडला तो परत आलाच नाही. मग बारक्याला घण्यानं वाढवलं. कसं वाढवलं ते विचारू नका. पोहायला शिकवलं ते पाण्यात फेकून, शाळेत पाठवलं ते कान पिरगाळून. एकदा बारक्यानं उलट उत्तर दिलं म्हणून त्याला असा ढकलला की त्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं. मग त्याला पाठीवर घेऊन घण्या दवाखान्यापर्यंत पळत गेला, आणि सगळ्या रस्त्यानं हमसून हमसून रडला. घण्याला त्या दिवसातलं हे रडणंच तेवढं आठवायचं. बारक्याला काय आठवायचं ते त्यानं कधी विचारलं नाही.

"मी मारलं ते जीव होता म्हणून," असं तो म्हणायचा. मारणारे सगळे असंच म्हणतात. पण घण्याच्या बाबतीत ते खरंही होतं, आणि तीच तर पंचाईत होती. बारक्या सोडला तर या जगात त्याला कोणाची पर्वा नव्हती. बायकोचीसुद्धा बारक्याच्या नंतर.

बारक्या मोठा झाला, वर्षभर कारखान्यात राबला आणि सोडून समुद्राकडे गेला. खडकांवर उभं राहून काठीनं मोठे मासे धरायचे आणि खानावळींना विकायचे, हा त्याचा धंदा. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांना वाटतं, मासेमारी म्हणजे निवांत बसायचं काम. खडकावरचा मासा माणसाच्या मांडीएवढा जाड असतो आणि गळ लागला की तो जिवावर उदार होऊन ओढतो. खाली शिंपल्यांनी धारदार झालेले खडक, त्याखाली फेसाळलेलं पाणी. त्या वेळी रिळानं दोरी थोडी थोडी सोडायची असते. त्यासाठी रिळाच्या पोटात चकत्यांचा ब्रेक असतो. ब्रेक नीट घसरला तर मासा दमतो. ब्रेक अडकला तर दोरी तुटते, नाहीतर काठी मोडते, नाहीतर माणूस जातो.

त्या दिवशी बारक्या भर दुपारी घरी आला तो रक्तानं भरलेला. कारखान्याचंच नवं रीळ होतं, घण्यानंच आणून दिलेलं. मासा लागला, ब्रेक थोडा घसरला आणि गच्च अडकला. काठी हातातून सोडेपर्यंत माशानं त्याला खडकावरून फरफटत नेलं होतं. छातीची सालटी निघाली होती, आणि दोरी धरायला गेलेल्या डाव्या तळव्यात खोल चीर पडली होती. वहिनीनं पाणी गरम केलं आणि ओठ चावत जखम धुतली.

"भावजी, जरा वर धरा हात. वाळू आहे आत अजून."

"वहिनी, ब्रेक अडकला. आणखी हातभर गेलो असतो तर पाण्यातच होतो मी."

घण्या दारात उभा होता. भावाचं रक्त बघून त्याचा जीव कळवळला होता, पण त्याचा जीव आणि हात यांची कधी गाठ पडत नसे. त्यानं पुढे होऊन जखमी भावाच्या कानाखाली आवाज काढला.

"तेल घातलं नसशील! रिळाला नावं ठेवतोस?"

"अहो, लाज वाटू द्या!" बायको किंचाळली आणि हातातला गरम पाण्याचा तांब्या तिनं नवऱ्याच्या अंगावर भिरकावला. तो खांद्याला लागला. घण्या भिंतीवर एक बुक्की मारून बाहेर पडला.

तेल घातलं होतं की नव्हतं हा प्रश्नच नव्हता. घण्याला खरं कारण ठाऊक होतं. गेल्या काही महिन्यांपासून प्रेसवर वेगळा पत्रा येत होता. स्वस्तातला. त्यातून काढलेल्या चकत्यांना कडेला बारीक कुसळं राहायची, आणि खारं पाणी लागलं की त्या एकमेकींना धरून बसायच्या. पहिल्याच दिवशी त्यानं नव्या मुकादमाची मानगूट धरली होती. मुकादम हुशार. मान सोडवून न घेता तो म्हणाला होता, "बोल, जाऊन ओरड सगळीकडे. उद्या लोक परदेशी रिळं घेतील आणि परवा फाटकाला कुलूप. मग दीडशे घरं तुझ्या दारात येऊन बसतील." घण्यानं मान सोडली होती. मारण्यासारखं समोर कोणी उरलं नाही की घण्या गप्प बसायचा. तो गप्प बसला, आणि रोज त्याच पत्र्यातून चकत्या ठोकत राहिला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय.

हात जरा बरा झाल्यावर बारक्या म्हणाला, "दादा, मला रीळ घ्यायचंय. तू चल दुकानात. दोन्ही बघू, तूच सांग कुठलं घेऊ."

"दोन्ही म्हणजे?"

"आपलं आणि बाहेरचं."

घण्याचा हात वर गेलाच होता. बारक्या जागचा हलला नाही. म्हणाला, "मार. पण मग खरं बोल. एकदा तरी. नाहीतर मी हे घर सोडतो. वहिनीला भेटायला येत जाईन, तुला नाही."

हे वाक्य घण्याला बसलं तसा कोणाचा ठोसा बसला नव्हता. तो निमूट चप्पल घालून निघाला.

दुकान अरुंद होतं. भिंतीवर काठ्या टांगलेल्या, काचेच्या कपाटात गळ आणि शिसं. दुकानदार घण्याला बघून आधीच दोन पावलं मागे सरकला. त्यानं कारखान्याचं रीळ काचेवर ठेवलं, आणि मग घाबरत घाबरत खालच्या फडक्यातून दुसरं काढलं.

"तुम्ही विचारलंत म्हणून दाखवतो हं. मी हे बाहेर मांडत नाही."

बारक्यानं दोन्हींची हँडलं फिरवली. कारखान्याचं कर्र कर्र वाजलं. परदेशी निघालं मुकं.

"उथळ पाण्याला खळखळाट फार," बारक्या हसला.

"वाजतंय म्हणजे काम करतंय," घण्या गुरगुरला. "आणि हे असलं हलकं खेळणं एका मोसमात मोडेल. त्याचा सुटा भाग कोण देणार तुला, हा? ह्याला विचार, मिळतो का भाग?"

"नाही मिळत," दुकानदार चटकन म्हणाला. ते खरंच होतं. "मोडलं की फेकायचं. आपलं मात्र हातोडीनं ठोकलं तरी चालतं."

"बघ!"

"बघितलं. आता हे बघ." बारक्यानं दोन्ही ब्रेक आवळले आणि दोऱ्यांची टोकं भावाच्या हातात दिली. "ओढ."

घण्यानं परदेशी रिळाची दोरी ओढली. ती जड आली, पण एकसारखी आली. मग त्यानं कारखान्याची ओढली. ती आली, थांबली, हिसका देऊन आली आणि थांबली. त्या थांबण्यात त्याला कडेची कुसळं बोटाला लागल्यासारखी कळली. त्या चकत्या त्यानंच काढलेल्या होत्या.

"सांग दादा. काय लागलं हाताला? कुठलं घेऊ?"

एक शब्द पुरला असता. पण उत्तर द्यायची वेळ आली की घण्याला मारायला तिसरा माणूस लागायचा. त्यानं दुकानदाराची कॉलर धरली, त्याला अर्धा उचलला आणि काचेच्या कपाटावर आपटला. काच फुटली. गळांचा सडा पडला आणि त्यातले दोन दुकानदाराच्या दंडात रुतले. तो ओरडत होता, "मी काय केलं? मी काय केलं?" आणि घण्या त्याला हलवत म्हणत होता, "फडक्यात लपवून विष विकतोस!"

बारक्यानं मध्ये पडून दोघांना सोडवलं. दुकानदाराच्या दंडातले गळ त्यानं हळूच, काटा उलटा फिरवून काढले. मग परदेशी रिळाचे पैसे फुटक्या काचांत ठेवले आणि भावाकडे न बघता चालू पडला.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळी तो फाटकासमोर हजर. हातात ते रीळ, उघडंच. त्यानं चोरून वापरलं असतं तर वर्षभर कोणाला पत्ता लागला नसता. पण तोही त्याच घरचा होता.

कामगार बाहेर पडले आणि थबकले. कोणीतरी शिट्टी मारली. मुकादम हात मागे बांधून पायरीवर उभा राहिला.

"काय रे घण्या, नियम सगळ्यांना सारखा ना? का भावाला वेगळा?"

"आण घण," घण्या म्हणाला.

बारक्यानं ऐरणीवर रीळ ठेवलं. उजव्या हाताच्या दोन बोटांत त्याचा पाय धरला. डावा तळवा अजून फडक्यात होता. त्यानं मान वर करून भावाच्या तोंडाकडे पाहिलं. इतर माणसं रिळाकडे बघायची, नाहीतर डोळे मिटायची. हा घण्याकडे बघत राहिला.

घण वर गेला. ज्या हातानं हा पोरगा पाठीवर घेतला होता त्याच हातानं आज त्याची बोटं ठेचली तर, हा विचार त्याच्या डोक्यात घण वर असतानाच आला, आणि घण वर असताना विचार करायचा नसतो. तरी तो पडला तो नेमका पडला. रीळ चेपलं, फुटलं, दातेरी चाकं उडाली. एक तुकडा बारक्याच्या भुवईवर लागला आणि रक्त डोळ्यात उतरलं. बोटं शाबूत होती. लोकांनी आरोळी ठोकली.

बारक्यानं बाहीनं डोळा पुसला. "माझं झालं. आता आपलं आणा. कारखान्याचं, नवं कोरं. गाडीला लावू."

लोक खूश झाले. गाडीची परीक्षा ही कारखान्याची जुनी रीत. रिळाची दोरी हातगाडीला बांधायची, गाडीत ओतीव लोखंड भरायचं आणि ती फाटकाच्या उतारावरून सोडायची. वर एक जण काठी धरून उभा. गाडी गोदामाच्या भिंतीवर आदळायच्या आत रिळाच्या ब्रेकनं ती हळूहळू थांबली पाहिजे. आणि धरणारा मुरलेला असेल तर तो पुढे जाणाऱ्या दोरीखाली, दोरी आणि काठी यांच्या मधे, आपलं बोट सरकवायचा. आपल्या रिळावर एवढा भरवसा आहे हे दाखवायला. त्याला 'बोट लावणं' म्हणायचे.

नवं रीळ आलं. गाडी भरली. मुकादम म्हणाला, "राहू दे रे, उगाच कशाला," पण त्याचं कोण ऐकतंय. बारक्या काठी घ्यायला पुढे झाला.

"मी धरतो," तो म्हणाला. "बोट न लावता."

घण्यानं त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे लोटलं. त्या सालटी निघालेल्या छातीवरच. "तू नाही. मी." भावाच्या हातात ते रीळ त्याला जाऊ द्यायचं नव्हतं. हे त्याला सरळ सांगता आलं असतं. त्यानं लोटून सांगितलं.

बारक्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, बोट लावू नकोस. तुझे पाय धरतो."

झालं. हळूच का होईना, पण चारचौघांत धाकट्यानं शिकवलेलं ते. घण्यानं काठी बगलेत आवळली आणि सगळ्यांना दिसेल असं दोरीखाली बोट सरकवलं. एक नाही, दोन.

"सोडा गाडी!"

गाडी सुटली. रीळ कर्र कर्र करत सुरेख फिरायला लागलं. "वा रे आपलं रीळ!" कोणीतरी ओरडलं. दोरी बोटं भाजत पळत होती आणि घण्या हसत होता. अर्धा उतार गेला असेल नसेल, कर्र कर्र थांबलं. चकत्यांनी एकमेकींना धरलं.

गाडी काही थांबली नाही. हिसक्यासरशी घण्या तोंडावर पडला आणि काठीसकट दगडी उतारावरून घासत खाली गेला. काठी मोडली, दोरी तुटली, आणि गाडी भिंतीवर आदळून लोखंड इतस्ततः उडालं. घण्या उतारावर गुडघ्यांवर बसला होता. उजव्या हाताचं तर्जनीचं बोट मुळापासून गेलं होतं आणि मधलं अर्ध्यातून लोंबत होतं. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत धावत होतं. तो ओरडला नाही. हाताकडे असा बघत राहिला, जसा तो दुसऱ्या कोणाचा असावा.

सगळ्यांच्या आधी बारक्या पोचला. त्यानं अंगातला सदरा फाडला, भावाचा हात वर धरला आणि मनगटाशी करकचून बांधायला लागला. त्याच्या भुवईतलं रक्त घण्याच्या हातावर गळत होतं, आणि कुठलं कोणाचं ते कळत नव्हतं.

"पत्रा बदललाय," घण्या म्हणाला. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "चकत्या अडकतात. मला ठाऊक होतं. ह्यालाही ठाऊक आहे." त्यानं मुकादमाकडे मान केली. मुकादमाभोवती माणसं गोळा व्हायला लागली, आणि कोणीतरी पहिली चपराक दिल्याचा आवाज आला. मग अनेक आवाज आले. घण्यानं तिकडे पाहिलंही नाही.

बारक्याचे हात थांबले होते. "ठाऊक होतं? मग बोट का लावलंस?"

"तू नको म्हणालास म्हणून."

बारक्याला हसू फुटलं की रडू, त्याचं त्यालाच समजलं नसेल. तसाच कण्हत तो पुन्हा गाठ मारायला वाकला. घण्याला वाटलं, आता तरी याच्या डोळ्यावरचं रक्त पुसावं. एवढी वर्षं पुसायचं राहून गेलं. त्यानं डावा, धड राहिलेला हात उचलला आणि भावाच्या तोंडाकडे नेला.

बारक्यानं गाठ सोडून दिली. दोन्ही हातांनी डोकं झाकून, मान खांद्यात ओढून तो खाली बसला.

घण्याचा हात हवेतच राहिला. सोडलेल्या फडक्यातून रक्ताची धार पुन्हा सुरू झाली.

"मारत नव्हतो रे," तो म्हणाला. "बारक्या, मी मारत नव्हतो."

बारक्यानं हात बाजूला केले नाहीत. आतूनच म्हणाला, "मला कसं कळणार, दादा?"